बेलाच्या पानावर बसलेली चिप

आमच्या उदगीरला कॉम्प्युटर बिघडला की लोक तो दुकानात नेतात. मी नेत नाही. मी डाळ मिलच्या ऑफिसात कॉम्प्युटरवरच बसतो, आणि घरचा कॉम्प्युटर तर माझ्या हातचा आहे. मिलनं मोडीत काढलेला डबा मी घरी आणला, झाडला, पुसला, त्यात नव्या वस्तू भरल्या आणि त्याला माणसात आणलं. त्यामुळं माझ्या बायकोनं, अंबिकानं, बँकेच्या परीक्षेचा विषय काढला तेव्हा मी पायावर पाय टाकून सांगितलं,

"लातूरला कशाला जातीस? घरूनच दे. आपला कॉम्प्युटर काय शोभेला ठेवलाय का?"

ही परीक्षा घरून देता येत होती, नाहीतर लातूरच्या केंद्रावर जाऊन. लग्नानंतर अंबिकाची नोकरी सुटली ती सुटलीच. आता पुन्हा धरायची म्हणून तिनं भाकरी भाजता भाजता अभ्यास केला होता. कणकेच्या डब्यावर पुस्तक उघडं ठेवून तिला गणितं सोडवताना मी पाहिलंय. वयाची अट संपत आलेली, म्हणजे ही शेवटचीच संधी.

"आन् ऐन टायमाला बंद पडला तर?" तिनं विचारलं.

"माझ्या हातचा कॉम्प्युटर बंद पडत नसतो."

"बघू," ती म्हणाली.

परीक्षा घरून द्यायची तर एक अट होती. कॉम्प्युटरात सुरक्षेची चिप पाहिजे. आमच्या जुन्या डब्यात ती मुळातच नव्हती, म्हणून मी ती वेगळी मागवली. एका चिमुकल्या पट्टीवर नखाएवढी काळी टिकली, बस. पण तिच्याबद्दल वाचत गेलो तसा मी खरोखर थक्क झालो. कॉम्प्युटरची गुप्त किल्ली ती आपल्या पोटात ठेवते आणि ती किल्ली कधीच बाहेर काढत नाही. मालकानं विचारलं तरी नाही. मी इतकी वर्षं मिलमध्ये काढली, पण पोटात गोष्ट ठेवणारं असं काही पाहिलं नव्हतं.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा असते. पाटावर विळी, अडकित्ता, शिलाई मशीन, माझा स्क्रू-ड्रायव्हर आणि शेजारी कॉम्प्युटर. अव्वा, म्हणजे माझी आई लक्ष्मम्मा, दरवर्षी डब्याला बाहेरून विभूतीचे पट्टे ओढते. यंदा मला हौस आली. मी डब्याची बाजूची झाकणी काढून तिला आतली चिप दाखवली.

"अव्वा, हे बघ. एवढीशी हाय, पण कॉम्प्युटरचं इष्टलिंगच समज. अंगावरून उतरवायचं नाही. उतरवलं की कॉम्प्युटरला कोणी ओळखत नाही."

अव्वा बराच वेळ वाकून बघत राहिली. तिचा हात आपोआप स्वतःच्या गळ्यातल्या लिंगाकडं गेला. "एवढंसं? आन् सगळं त्याच्याच पोटात?"

"सगळं. आन् कुणाला सांगत न्हाई."

"धन्य हाय बाबा," अव्वा म्हणाली, आणि तिनं हात जोडले. मला वाटलं ते माझ्या हुशारीला जोडले.

परीक्षा त्यानंतर महिन्याभरानं होती, दुपारी दोनला. त्या दिवशी सकाळी अंघोळ करून मी ऐटीत कॉम्प्युटर सुरू केला. परीक्षेच्या सॉफ्टवेअरनं तपासणी केली आणि पडद्यावर लाल अक्षरं आली. सुरक्षेची चिप सापडली नाही.

मी बंद करून चालू केला. सापडली नाही. परत बंद, परत चालू. नाहीच. मग मी डिलीट बटण दाबून धरलं आणि कॉम्प्युटरच्या आतल्या सेटिंगमध्ये शिरलो. सगळा पडदा निळा झाला. मागून अव्वा आली, तिनं निळा रंग पाहिला आणि पुन्हा हात जोडले.

"महादेव पावला वाटतं."

"अव्वा, हे सेटिंग हाय."

"असू दे की. रंग तर त्याचाच हाय."

सेटिंगमध्ये चिपच्या नावापुढं 'उपलब्ध नाही' असं लिहिलेलं. मी सेटिंग बंद केलं, चालू केलं, जे दिसेल ते बंद केलं, जे बंद दिसेल ते चालू केलं. त्यानं एवढंच झालं की आवाजही गेला. तेवढ्यात अंबिका दारात आली. निळी साडी, केस नीट बांधलेले, खांद्याला पर्स.

"मी येते जाऊन," ती म्हणाली. "ताट झाकून ठेवलंय, जेवून घ्या."

ती परीक्षेआधी महादेवाच्या दर्शनाला चालली असणार. मी टेबलाखाली वायर हलवत होतो, तोंडात स्क्रू होता. "हं," म्हणालो.

मग मी हुकमाचं पान काढलं. आतला गोल सेल काढून परत बसवला की सगळी सेटिंग मुळावर येतात, हे मला ठाऊक होतं. झाकणी जराशी सरकवली, हात आत घातला, चाचपून सेल काढला, पुसला, बसवला. सेटिंग मुळावर आली. तारीखही आली. कॉम्प्युटर पार त्या काळात गेला जेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं. इंटरनेट म्हणालं, तुमची तारीख चुकीची आहे, आम्ही बोलणार नाही. परीक्षेचं सॉफ्टवेअर जास्त सभ्य निघालं. ते म्हणालं, परीक्षेला अजून अवकाश आहे.

तारीख सुधारली. लाल अक्षरं परत आली. अंबिकाची ती कणीक लागलेली पुस्तकं आठवली. तिला आता काय तोंड दाखवायचं, हे काही कळेना.

"रेवण्या, काय करायलास सकाळपासनं?" अव्वानं विचारलं.

"चिप दिसत न्हाई."

"हाय की तिथंच. मी सोमवारी बघितली."

मी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "सोमवारी?"

"दर सोमवारी बघते मी. विभूती लावते."

मी झाकणी पूर्ण काढली आणि बॅटरीचा उजेड आत टाकला. चिप जागेवरच होती. टिकलीवर तीन बारीक पट्टे ओढलेले, इतके सरळ की कारागिरानं हात जोडावेत. आणि तिच्याखाली एक सुकलेलं बेलाचं पान होतं. पट्टीच्या पिना पानातून जेमतेम अर्ध्या खाली उतरल्या होत्या. चिप अधांतरी, आसनावर विराजमान.

"अव्वा, मी म्हणालो होतो ना, उतरवायचं नाही?"

"उतरवलं कुठं?" अव्वाला खरंच वाईट वाटलं. "जरा उचललं फकस्त. खाली पान ठेवलं आन् दाबून बसवलं. येवढं मोठं दैवत, आन् त्याला बसायला काही नको?"

कॉम्प्युटरचं इष्टलिंग हे शब्द माझेच. मी पान हळूच काढलं, ते अव्वाच्या हातात दिलं, पिना ब्रशनं झाडल्या, चिप दाबून बसवली. डबा सुरू केला, सेटिंग चालू केलं. हिरवी खूण आली. सुरक्षेची चिप सापडली. घड्याळात दीड वाजायला आला होता. मला असा आनंद झाला की मी बसल्या जागेवरूनच हाक मारली.

"अंबिका, ये लवकर. सगळं तयार हाय."

घरात कोणीच हललं नाही. मी स्वयंपाकघर बघितलं, अंगण बघितलं. ताट तसंच झाकलेलं होतं.

"अव्वा, ही अजून देवळातच?"

"कसलं देऊळ? लातूरला गेली की सकाळच्या एसटीनं. केंद्रात बसली बी आसंल आता."

मी खुर्चीवर बसलो. "केंद्रात? तिनं लातूरचं केंद्र घेतलं?"

"तू घरून दे म्हणलास ना, त्याच दिवशी घेतलं."

"आन् मला कुणी सांगितलं का न्हाई?"

अव्वा बेलाचं पान पदराला पुसत होती. "तुला वाईट वाटलं आसतं. म्हणून तिनं पोटात ठेवलं. मला म्हणली, तुमी बी ठेवा. ठेवलं."

इतके दिवस ती माझ्यासमोर वावरत होती, रोज ताटात भाकरी वाढत होती, माझ्या चिपचं कौतुक ऐकून घेत होती, आणि मला पत्ता नव्हता. त्या काळ्या टिकलीबद्दलचं माझं नवल एकदम कमी झालं. नवल करण्यासारखं माणूस घरातच होतं आणि ते मला सापडलं नव्हतं.

अंबिका संध्याकाळी आली. दमलेली, पण चेहऱ्यावरून पेपर कसा गेला ते कळत होतं.

"लई बरा गेला," ती म्हणाली. "तुमची चिप सापडली का?"

"सापडली. पानावर बसली होती."

ती पोट धरून हसली, मग अव्वाही हसली, मग नाइलाजानं मीही हसलो.

"पास झाले तर मुलाखत हाय," तिनं चहा ओतत सांगितलं. "ती बी घरून देता येती म्हणे."

"मग घरूनच दे," मी म्हणालो. "आता तर चिप पक्की बसलीय."

"बघू," अंबिका म्हणाली.

मी चहा संपवला, पायात चपला घातल्या आणि लातूरच्या गाड्या सकाळी किती वाजता सुटतात ते विचारायला मुकाट्यानं बसस्टँडकडं निघालो.