नवलभाऊंची चकचकीत शिफारस

लालचंदशेठनी नवलला केबिनमध्ये बोलावलं आणि सांगितलं, "ऑफिसातले तिन्ही कॉम्प्युटर म्हातारे झाले. आता लॅपटॉप घेऊ. कुठले घ्यायचे ते तू ठरव, मला त्यातलं काही कळत नाही."

कळत तर नवललाही नव्हतं. पण एकोणीस वर्षं एकाच शेठकडे काढलेल्या माणसाला तसं सांगता येत नाही. जळगावात लालचंदशेठचा ठिबकच्या नळ्यांचा धंदा होता आणि कुठला टेम्पो कुठल्या गावाला जाणार हे नवल ठरवत असे. सारा खान्देश ज्याच्या बोटांवर, त्याला तीन लॅपटॉप काय जड, असा शेठचा हिशेब असावा. नवलने मान डोलावली आणि स्कूटर काढून अखिलच्या दुकानात गेला.

अखिल तरुण पोरगा, पण समजावून सांगणारा. त्याने एकाच बनावटीचे दोन लॅपटॉप शेजारी शेजारी मांडले. "काका, किंमत दोन्हीची सारखीच. हा ग्लॉसी, चकचकीत. रंग झकास दिसतात, पण आरशासारखं समोरचं सगळं उमटतं. हा मॅट. दिसायला जरा मलूल, पण उजेडात डोळ्यांना त्रास नाही. तुमच्या ऑफिसात खिडकी कुठल्या बाजूला आहे?"

नवलचं लक्ष नव्हतं. तो चकचकीत स्क्रीनकडे बघत होता. त्यात त्याचं तोंड दिसत होतं, तोंडामागे दुकानाचं दार दिसत होतं, दारातून आत येणारं गिऱ्हाईक दिसत होतं, आणि त्या गिऱ्हाइकाने खिशातून रुमाल काढून नाक पुसलं तेही दिसलं. नवलच्या अंगावर हलकासा काटा आला.

त्याचं कारण ऑफिसची रचना. तिघांची टेबलं भिंतीकडे तोंड करून लावलेली आणि पाठीमागे शेठची काचेची केबिन. पूर्वी शेठच्या चपला करकरत, त्यामुळे ते उठले की तिघांनाही कळे. पण दिवाळीनंतर गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी त्यांना मऊ तळव्यांच्या चपला दिल्या आणि शेठ मांजरासारखे चालू लागले. तेव्हापासून नवलला कॉम्प्युटरवरच्या पत्त्यांचा एक डाव धड पुरा करता आला नव्हता.

"काका, खिडकी?" अखिलने पुन्हा विचारलं.

"खिडकी नाहीच," नवल म्हणाला. "ग्लॉसीच दे."

शेठना त्याने रीतसर लेखी शिफारस दिली. तिच्यात 'कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांचे आरोग्य' असे शब्द दोनदा आले होते. शेठनी वाचली, सही केली आणि चौथ्या दिवशी लॅपटॉप आले.

पहिले पंधरा दिवस मोठ्या सुखाचे गेले. बिलं करणारी सुलक्षणा दुपारी साड्यांचे व्हिडिओ बघू लागली. गोडाऊनची नोंद ठेवणारा पुना मूळचा धुळ्याकडचा. तो माऊसवर हात ठेवून बसल्या बसल्या झोपण्यात तरबेज होता. त्याने तर दोन डुलक्यांच्या मध्ये डोळा किलकिला करून स्क्रीनमध्ये केबिन बघून घ्यायची विद्याही कमावली.

"नवलभाऊ, येन्हामा बठ्ठं दिखस," सगळंच दिसतं याच्या कौतुकाने तो म्हणाला. "हाई लॅपटॉप शे का आरसा?"

नवल आपल्या डावातून मान वर न करता हसला. स्क्रीनच्या कोपऱ्यात शेठ दिसत होते. समोर उभी फाईल धरून, वाचनात गढलेले. बिचारे या वयात किती काम करतात, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

मग एप्रिल उजाडला. केबिनच्या बाजूला पश्चिमेची एक खिडकी होती, अखिलच्या दुकानात नवलने 'नाहीच' म्हणून सांगितलेली तीच. दुपारी दोनला तिच्यातून ऊन आत शिरलं ते सरळ तिन्ही स्क्रीनवर. अक्षरं गेली, आकडे गेले. सुलक्षणाने डोक्यावरची ओढणी लॅपटॉपवरून पुढे ओढली आणि तिच्या आत बसून बिलं करू लागली. बाहेरून बघणाऱ्याला नवरी बसवल्यासारखं वाटे. पुनाने नळ्यांचं रिकामं खोकं आणून लॅपटॉप त्यात ठेवला. त्याला अक्षरं दिसली, पण शेठ दिसेनात. खोकं परत गोडाऊनला गेलं.

शेवटी नवलने खिडकीला वर्तमानपत्रं चिकटवली. अर्ध्या तासात शेठ केबिनमधून बाहेर आले.

"हे कोणी केलं?"

"ऊन येतं शेठ."

"येऊ दे की. देवाने दिलेला उजेड आहे. काढ ते."

वर्तमानपत्रं निघाली. नवलने चोरून अखिलला फोन लावला. अखिल म्हणाला, "काका, तुम्ही तर खिडकी नाही म्हणाला होतात. आता परत कसे घेऊ? मॅटची फिल्म मिळते, ती वरून चिकटवून देतो. चकाकी जाईल."

नवलने ही गोष्ट दोघांच्या कानावर घातली. "चकाकी जाईल म्हणजे मागचं दिसणार नाही?" सुलक्षणाने विचारलं. नवल म्हणाला, "नाही दिसणार." यावर पुना फक्त "नको" म्हणाला आणि ठराव एकमताने बारगळला.

त्यानंतरच्या मंगळवारी नवलने भर दुपारी, एक डोळा मिटून आणि हाताचा आडोसा करून, नळ्यांच्या टेम्पोला गाव नेमून दिलं. यादीत चोपडा आणि धुळे एकाखाली एक होते. पाच वाजता टेम्पोवाल्या रतिलालचा फोन आला.

"नवलभाऊ, मी धुळ्यात पोचलो. इथले दुकानदार म्हणताहेत, आम्ही नळ्या मागवल्याच नाहीत."

नवलने यादी पुन्हा बघितली. गाडी चोपड्याची होती. चोपड्याला योगराजआप्पांच्या मळ्यात केळीची रोपं येऊन पडली होती. नळ्या अंथरायला दहा मजूर दुपारपासून लिंबाखाली बसून होते. ही माहिती त्याला शेठकडून मिळाली, कारण आप्पांनी फोन सरळ शेठनाच लावला होता.

"काय झालं नवल?" शेठ म्हणाले. "एकोणीस वर्षांत गाडी चुकली नाही तुझी."

नवल अडकला. स्क्रीनला दोष द्यावा तर शिफारस त्याचीच, तीही लेखी. "डोळ्यांना जरा कमी दिसतंय शेठ," तो म्हणाला.

शेठ हळहळले. रतिलालला त्यांनी तसंच चोपड्याला पिटाळलं, आप्पांची समजूत काढली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नवलला स्वतःच्या गाडीत घालून आपल्या ओळखीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तासभर तपासलं. "डोळे विशीतल्या पोराचे आहेत," ते म्हणाले. "यांना काहीही झालेलं नाही."

नवलची सबब संपली. ऑफिसात आल्यावर तो शेठच्या मागून केबिनमध्ये शिरला, दार लावलं आणि सगळं सांगून टाकलं: पत्ते, चपला, खिडकी, शिफारस. फक्त पुनाच्या आणि सुलक्षणाच्या वाटचं गाळलं. शेवटी म्हणाला, "शेठ, फिल्म लावून घेतो. मॅटच बरं होतं."

शेठ उठले. "इथे बस."

"तुमच्या खुर्चीत?"

"बस. समोर बघ."

नवल अंग चोरून बसला. काचेपलीकडे दोन पाठी होत्या आणि दोन चकचकीत स्क्रीन. एका स्क्रीनमध्ये पुनाचं तोंड होतं, डोळे मिटलेले, खालचा ओठ सुटलेला. दुसऱ्यात सुलक्षणा मान तिरकी करून कुठलीशी साडी पारखत होती. मधल्या बंद लॅपटॉपकडे बघताना नवलला आपलं रोजचं तोंड आठवलं आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"तुम्हाला पहिल्यापासून दिसतंय?"

"आरसा आहे तो. तुम्हाला मी दिसतो, तर मला तुम्ही दिसणार नाही?" शेठ शांतपणे म्हणाले. "इतकी वर्षं मी नुसत्या पाठी बघितल्या. पाठीवरून माणूस जागा आहे का झोपलाय ते कळत नाही. जेवणानंतर डोळे जड व्हायचे, पण मिटायची सोय नव्हती. तुमच्यातला कोणी वळला आणि शेठला घोरताना बघितलं, तर काय राहिलं माझं? आता बरं पडतं. पुना पेंगला, ती साड्यांत शिरली, तू डाव मांडलास, की मी अर्धा तास मोकळा."

"पण शेठ, आम्हाला तर तुम्ही फाईल वाचताना दिसता."

"झोपेत फाईल उभी धरायला मला आठवडा लागला," शेठ म्हणाले. आवाजात थोडा अभिमान होता. "फिल्म लावायची नाही. खिडकीही झाकायची नाही. अंधार केलास तर मला तोंडं दिसत नाहीत. आणि यातलं एक अक्षर त्या दोघांना कळता कामा नये."

"मग गाड्या चुकतील."

शेठनी कागद ओढला आणि चार ओळी लिहून दिल्या.

नवलने तो कागद भिंतीवर लावला. सुलक्षणाने मोठ्याने वाचला: 'उन्हाच्या त्रासामुळे दुपारी दोन ते चार कोणत्याही गाडीची, बिलाची वा मालाची नोंद करू नये. सर्वांनी आपापल्या जागी बसून राहावे.'

पुना जागा झाला. "मंग दोन ते चार आपन काय करानं?"

"कामात दिसायचं," नवल म्हणाला, आणि लॅपटॉप उघडून आपल्या जागी बसला. घड्याळात दोनला पाच मिनिटं कमी होती. स्क्रीनच्या कोपऱ्यात, त्याच्या खांद्यामागे, एक फाईल सावकाश उभी राहत होती.