बिनखिशांचे गायधनीकाका

गायधनीकाकांच्या एकाही पँटला खिसे नाहीत. म्हणजे होते, ते त्यांनी शिंप्याकडून शिवून बंद करून घेतले. शिंप्याने विचारलं, "फाटलेत का?" काका म्हणाले, "नाही, संपलेत."

काका आमचे शेजारी. वीज खात्यातून निवृत्त झाले, फोनवरून दूधवाल्याला पहिल्यांदा पैसे पाठवले आणि तेव्हापासून नोटेला हात लावायचं सोडलं. "नोट म्हणजे जंतूंची एस.टी.," ते म्हणतात. "कोण कुठून चढलाय, पत्ता नाही." पुढे पैसा दिसणारच नाही, हे त्यांचं आवडतं भाकीत. "देव तरी दिसतो का? व्यवहार चालतोच ना!"

सरकारी डिजिटल रुपया आला, तो आमच्या सोसायटीत सगळ्यांच्या आधी काकांच्या फोनमध्ये. लगेच त्यांनी दिंडोरीकडून भाजी घेऊन येणाऱ्या मावशींना गाठलं. "हा साधा ऑनलाइन पैसा नाही, मावशी. ही नोटच आहे, फक्त कागद नाही."

मावशी जुडी झटकत म्हणाल्या, "नाय तर नाय. मेथी लय कवळी हाय, ती घ्या."

शैलाकाकूंना या क्रांतीत कुणी विचारलं नव्हतं. बँकेचं खातं दोघांचं, पण मेसेज काकांच्या फोनवर. काकू बाहेर पडल्या की काका सोसायटीच्या बाकावर बसून आम्हाला धावतं समालोचन ऐकवायचे. "रिक्षा, साठ. पंचवटीत उतरली." "फुलं, वीस. देवळात शिरली." "पाणीपुरी! आणि घरी म्हणते, ॲसिडिटी आहे!" बाकावर हशा.

एकदा काकू माझ्याकडे आल्या आणि दार लोटून घेतलं.

"वर्षा, पाचशे रुपये रोख आहेत का गं? मी तुला फोनवरून पाठवते. 'भाजी' असं लिहीन."

मी दिले. पुढे हे नेहमीचंच झालं, आणि मी काकूंचं एटीएम होऊन बसले. शेवटी एक दिवस काकाच दारात.

"वर्षा, तू भाजी विकायला लागलीस?"

"नाही हो काका."

"मग आमच्या घरात दोन माणसांत एवढी भाजी खातं कोण?"

मी काही जुळवायच्या आत मागून काकू आल्या. "मी खाते. मैत्रिणींबरोबर पाणीपुरी खाते. सिनेमाला जाते. परवा लिपस्टिकसुद्धा घेतली."

काका हसायला लागले. "अगं, मी कधी नको म्हटलंय का?"

"नाही म्हटलंत. पण बाकावरच्या सगळ्यांना कळतं ना! तुमचा पैसा दिसेनासा झाला, आणि मी तेवढी गावाला दिसायला लागले."

काकांचं हसू तिथेच थांबलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते काकूंना घेऊन बँकेत गेले. काकूंचं वेगळं खातं, मेसेज काकूंच्याच फोनवर. पेन्शन आली की अर्धी तिकडे. समालोचन बंद.

काकू खूश होत्या. काकाही असणार, असं मी धरून चालले होते. मग एका दुपारी ते बाकावर एकटेच दिसले. फोन मांडीवर.

"काय काका, कशाची वाट बघताय?"

"कशाची नाही गं. आज फोन वाजलाच नाही." फोन मांडीवर उलटा ठेवत म्हणाले, "मुलगी सासरी गेल्यापासून घरात आवाज म्हणजे हिचाच. ही बाहेर गेली की मेसेज यायचे. रिक्षा आली की वाटायचं, नीट पोचली. फुलं आली की वाटायचं, आता जरा टेकली असेल देवळात. आकडा कोण बघत होतं?"

"मग फोन करून विचारा ना, कुठे आहेस म्हणून."

"नको. तिला वाटेल, हिशोब मागतोय."

मी माझ्या फोनवरून काकूंना फोन लावला. पलीकडे बायकांचा नुसता गलका. "कॉलेज रोडला आहोत गं! का?"

"काही नाही, सहज." मी फोन ठेवला. काका इतका वेळ माझ्या बाजूला कलून बसले होते, ते सरळ झाले.

"हसत होती का?"

"खूप."

"मग असू दे," काका म्हणाले, आणि फाटकाकडे तोंड करून बसले.