संचालकांची गडसहल

सहकारी सोसायटीत चेअरमन निवडायचा म्हटलं की आधी आपले संचालक लपवावे लागतात. दूध सोसायटीच्या भगवानरावांनी आपले सहा संचालक दोन जीपांत घातले आणि इतिहासाच्या सहलीला म्हणून डोंगरावरच्या किल्ल्यात नेले. दुष्काळाने सोसायटीत दूध येणं बंद झालं होतं, पण चेअरमन तर लागतोच! उद्या मतदान होतं. एक संचालक जरी फुटला तरी भगवानरावांची खुर्ची विरोधातल्या पंडितरावांकडे जाणार होती.

"किल्लाच कावून?" संचालक वत्सलाबाईंनी विचारलं.

"दरवाजा एकच हाय. पंडित आत घुसू शकत न्हाई."

भगवानरावांनी सगळ्यांना भर उन्हात तटावरून फिरवलं, बुरूज दाखवले आणि मग झणझणीत मटण वाढलं. आणलेलं सगळं पाणी रश्श्यात गेलं होतं.

"पाणी कुटंय?" बद्रीनाथने तिखटाने हाशहुश करत विचारलं.

"ते काय टाकं! बोर्डावर लिवलंय, बारमाही पाणी."

टाक्याच्या तळाशी एक सरडा ऊन खात पडला होता.

"बोर्ड कवाचा हाय?" वत्सलाबाई म्हणाल्या.

"किल्लाच पुरातन हाय बाई, बोर्ड कुटून नवा असंल?"

तेवढ्यात खाली हॉर्न वाजला. वाटेतल्या गावात सगळी माणसं टँकरची वाट बघत रस्त्यावरच बसली होती, त्यामुळे दोन जीपांची बातमी पंडितरावांना लगेच पोचली होती. ते पाण्याचा टँकर घेऊन आले आणि दरवाज्याबाहेर दोन खुर्च्या टाकून एकीवर बसले. आत यायचं त्यांनी नावही काढलं नाही.

संचालकांना एकाएकी इतिहासाची गोडी लागली. बद्रीनाथ दरवाज्याचं नक्षीकाम बघायला गेला तो परतलाच नाही. त्रिंबकला तिथलीच तोफ बघायची होती. त्याच्या मागोमाग आणखी तिघे शिलालेख वाचायला गेले, त्यातल्या एकाला तर सहीपुरतंच लिहिता येत होतं.

"मी पाणी प्यायला चालले," वत्सलाबाईंनी सरळ सांगून टाकलं. "तुमी बी चला."

"मी मरंन, पर गड सोडणार न्हाई!" भगवानराव गरजले. पण वत्सलाबाईही गेल्यावर ते गरजणं ऐकायला कोणी उरलं नव्हतं, आणि घसा तर पार कोरडा पडला होता.

थोड्याच वेळाने तेही दरवाज्यात आले. पंडितरावांनी तांब्या पुढे केला. भगवानराव दोन तांबे घटाघट प्याले. मग मिशा पुसून त्यांनी पंडितरावांच्या शेजारची खुर्ची ओढली.

"उद्या तुमचं नाव कोण सुचवणार?"

"बद्रीनाथ."

"छ्या! त्याला काय अनुभव हाय?" भगवानराव म्हणाले. "सूचक म्हणून माझंच नाव घाला."