बुंदीची शिकवणी

बुंदी म्हणजे पिवळसर, लुकडी कुत्री. दार बोटभर उघडलं की ती सुटलीच. आणि घनश्यामचं घर लाखनीला अगदी हायवेला लागून. एके दिवशी ती एका ट्रकच्या चाकापासून हातभर अंतरावरून परत आली, तेव्हा त्याच्या बायकोनं, कामिनीनं, निकाल दिला.

"आठ दिवसांत हिले दारात थांबाले शिकवा. नाही तं आईकडे आसगावले धाडून देईन. मले हिचं मरण पाहवणार नाही."

घनश्याम राईस मिलमध्ये कारकून. वीस वर्षांत त्याचं एकाही हमालानं ऐकलं नव्हतं (घरचा तर प्रश्नच नव्हता), पण कुत्री ऐकेल असं त्याला का कोण जाणे वाटलं. त्यानं मोबाईलवर एका ट्रेनरचा व्हिडिओ शोधला. दाराला पाठ करून उभं राहायचं, नजर कुत्र्यावर ठेवायची, हात मागे नेऊन दार थोडं उघडायचं. कुत्रा हलला की दार बंद. बसून राहिला की टोस्टचा तुकडा.

सात दिवसांत तीन पुडे टोस्ट संपले. (त्यातला एक टेन्शनपायी घनश्यामनंच खाल्ला.) रविवारी शेवटची प्रॅक्टिस होती. कामिनी दळण आणायला गेलेली. घनश्याम बनियन-टॉवेलवर, कानात इयरफोन. ट्रेनर सांगत होता, आवाजात जरब हवी.

नेमकी त्याच वेळी त्याची सासू कुंताबाई, न कळवता, नव्या तांदळाची थैली घेऊन ओट्यावर येऊन उभी राहिली. दार आपोआप उघडलं. फटीतून जावयाची पाठ दिसली. तिनं हसून पाऊल उचललं.

"थांब!" धाडकन दार बंद.

म्हातारी चरकली. पुन्हा दार उघडलं.

"जावईबापू, मी आहो..."

"पुन्हा आली? लाज नाही वाटत? मागे हो!" धाडकन.

तिसऱ्यांदा दार उघडलं.

"खाले भेटते म्हणून रोज तोंड घेऊन उभी राहते! बस तिथंच!"

कुंताबाईनं थैली उचलली आणि हायवेपलीकडच्या बसस्टँडची वाट धरली.

इकडे आत बुंदी पुतळ्यासारखी बसली. घनश्यामनं दार सताड उघडलं, तरी बसूनच! त्याचे डोळे भरून आले. इयरफोन काढून त्यानं अभिमानानं बाहेर पाहिलं, तर पदरानं डोळे पुसत रस्ता ओलांडणारी सासू.

"आई! थांबा!"

"आता आई काय? मघापासून तं एकेरीवर आले होते!"

घनश्याम धावला. ना डावीकडे पाहिलं, ना उजवीकडे. एका ट्रकचे ब्रेक किंचाळले. घनश्याम एका हातानं टॉवेल धरून रस्त्याच्या मधोमध उभा.

"ओ काका," ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं, "घरी भांडण झालं काय? माझ्याच गाडीखाली काहून येऊन राहिले?"

पलीकडे पिठाचा डबा घेऊन कामिनी स्कूटीवर थांबली होती. तिनं दाराकडे पाहिलं. उंबऱ्याच्या आत बुंदी बसलेली, शेपटीही हलत नव्हती. मग तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

"शिकली म्हणाची," ती म्हणाली. "कुत्री."

सासूची समजूत काढायला तीन कप चहा लागले आणि व्हिडिओ दोनदा दाखवावा लागला. तेव्हा कुठं ती हसली, आणि मग दोन दिवस बुंदीकडे पाहून हसतच राहिली. बुंदीचं आसगाव रद्द झालं.

मंगळवारी कुंताबाई परत निघाली. झाल्या प्रकाराची भरपाई म्हणून घनश्यामनं शर्ट-पँट घातली, तिची थैली उचलली आणि दाराकडे वळला. सासूनं हात वर केला.

"थांबा, जावईबापू. तुमी नोका येऊ. कामिनी, तूच चाल माझ्यासंगं. जावयाले रस्ता पार कराले जमत नाही."

कामिनीनं त्याच्या हातातून थैली घेतली, आईला पुढे घातलं आणि जाताना दाराला बाहेरून कडी लावली.