हौसाबाईचे बांगडे

हौसाबाईच्या पडवीत दोन टोपल्या होत्या. एकीत माडांना घालायची मासळीची घाण, दुसरीत पावसाळ्याच्या बेगमीचे खारे बांगडे. दोन्हींवर केळीचं पान. धोंडूने नेमकी दुसरी उचलली.

चौऱ्याऐंशी साल होतं. शिरोड्याजवळच्या एका शाळेत गुरुदास मास्तरांनी विकतच्या खताशिवाय शेती शिकवायचं मनावर घेतलं होतं आणि हौसाबाईने आपली माडांची बाग त्यांच्या मुलांच्या हवाली केली होती. धोंडू देवळातल्या पुजाऱ्याचा मुलगा. त्याच्या घरात मासळीचं नाव काढायची सोय नव्हती. श्वास रोखून, डोळे घट्ट मिटून त्याने टोपली एका माडाच्या आळ्यात उपडी केली, पायाने माती लोटली आणि समुद्राच्या दिशेने धूम ठोकली.

हात धुऊन तो परततो, तोच हौसाबाई बागेत हजर.

"माझे बांगडे खंय रे?"

"माडाक घातलंय, काकी."

"खंयच्या माडाक?"

"डोळे मिटलेले होते माझे!"

"मेल्या, पावसात माझ्या पानात काय तुझी पोथी वाढू? बांगडे गावले नाय, तर तुमची शेती उद्यापासून शाळेच्या छपरार!"

मास्तरांचा चेहरा पडला. आळी सगळी एकसारखी, सगळ्यांवर ताजी माती. तेवढ्यात वर्गातली हुशार विमला पुढे आली.

"काकी, तुमचो बोको खंय आसा?"

बोका आला. पण मासळीची घाण तर मुलांनी सकाळपासून प्रत्येक आळ्यात घातली होती! बोका प्रत्येक माडाशी थांबू लागला. वास लागून शेजारपाजारची मांजरं आली. मांजरांमागे फावडी घेतलेली मुलं, मुलांमागे हौसाबाई आणि सगळ्यांत मागे धोतर सावरत मास्तर.

नेमकी तेव्हाच कणकवलीहून शेतकी साहेबांची जीप येऊन थांबली.

"मास्तर, हे काय चाललंय?"

"खताची तपासणी, साहेब," मास्तर धापा टाकत म्हणाले. "मांजर जिथून हलत नाही, तिथलं खत उत्तम."

इतक्यात कोपऱ्यातल्या माडाशी बोक्याने बूड टेकलं. मुलांनी ओढलं तरी उठेना. हौसाबाईने दोन्ही हातांनी माती उकरली.

"गावले गो बाय माझे!" तिने मातीने माखलेले बांगडे छातीशी धरले.

साहेबांचे डोळे भरून आले. "खताबद्दल काय हा जिव्हाळा!"

हौसाबाईने एक बांगडा बोक्यापुढे टाकला. "ही तुझी मजुरी." मग धोंडूकडे वळली. "आणि तू रे, उद्यापासून शेण उचल. ता तरी तू वळखतंस!"

पुढच्या महिन्यात शेती बघायला कणकवलीकडच्या दुसऱ्या एका शाळेची सहल आली. मुलं फावडी, घमेली घेऊन रांगेने एसटीतून उतरली. शेवटी त्यांचे मास्तर उतरले. त्यांच्या काखेतली पिशवी जोरजोरात म्यांव म्यांव करत होती.

"साहेबांनी बजावलंय," ते ओशाळं हसत म्हणाले, "तपासणीचं सामान ज्याचं त्याने आणायचं."