चमचे वाकवणारे नामदेवकाका

आमच्या साकोलीत नामदेवकाकांना जेवायला बोलावलं, की आधी घरातले चांगले चमचे लपवतात. काका चोर नाहीत हो! हातात चमचा आला की ते आधी तो वाकवून पाहतात आणि मग भाताकडे वळतात.

काकांची सगळी नोकरी नागपूरच्या एका प्रयोगशाळेत गेली. काम एकच, टायटॅनियमचा असा मिश्रधातू बनवायचा जो मजबूतही असेल आणि ताणला तर न तुटता लांबेलही. त्यात काय एवढं कठीण, असं मी एकदा विचारून बसले. झालं! चहा थंड होईस्तोवर सुटका नाही. "मजबूत केला का तटकन तुटते, नरम केला का भार घेत नाही. दोन्ही गुण एका घरात नांदवाचे हायेत, समजलं का?"

निवृत्त झाले, पण डोकं अजून भट्टीतच. माणसंही ते तशीच पारखतात. माझ्या सासूबाईंबद्दल म्हणाले, "मजबूत हाय, पण लांबत नाही." मी पदराआड हसू दाबलं.

काकू जाऊन बरीच वर्षं झाली. घरात काका आणि मुलगी वर्षा. काका दिवसभर चमचे वाकवतात आणि वर्षा भांडी घासताना मुकाट्याने ते सरळ करते.

यंदा वर्षाने लाखांदूरचा एक मुलगा पसंत केला. घर पाहायला काकांसोबत मीही गेले. बाबांच्या हाती चमचा लागू देऊ नको, असं तिने मला दहादा बजावलं होतं. पण पोह्यांच्या बशीत तो होताच, सोनेरी, नक्षीचा, खास पाहुण्यांसाठी राखलेला. मी "काका" म्हणेपर्यंत त्याचे दोन तुकडे. मुलाच्या आईचं तोंड असं उतरलं, की मला वाटलं, मोडलं आता पोरीचं लग्न.

मुलगा उठून आत गेला आणि एक साधा स्टीलचा चमचा घेऊन आला.

"काकाजी, तो दाखवाचा होता. हा रोजचा हाय, याले वाकवून पहा."

काकांनी वाकवला. तुटला नाही. काका इतके खूश झाले, की पोहे पुन्हा मागून घेतले. लग्न पक्कं करूनच आम्ही उठलो.

परतताना एसटीत मात्र काका खाली मान घालून बसले. पोरगा एवढा चांगला मिळाला, मग चेहरा काहून पाडला, असं मी विचारलं. तेव्हा पाहिलं, तो स्टीलचा चमचा त्यांच्यासोबतच आला होता. अंगठ्याने दाबून दाबून ते तो सरळ करू पाहत होते आणि तो काही होत नव्हता.

"मले वाकवताच येते व," काका म्हणाले. "सरळ तर वर्षाच करते."