बारा रुपयांचा समुद्र

“बारा रुपयांत समुद्र! वर एक आणा लागला तर मिशा उतरवीन!”

दौंड स्टेशनाबाहेरच्या चहाच्या टपरीवर नथानिएलनं हे असं ठणकावून सांगितलं. मिशांवर त्याचा किती जीव होता हे दोन्ही मित्रांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी पुढं एक अक्षर विचारलं नाही.

नथानिएल दौंडच्या यार्डात पॉइंट्समन. तीस वर्षं मुंबईच्या गाड्यांना ह्यानं रूळ बदलून द्यायचे, आणि गाडीतल्या माणसांनी समुद्रावर जाऊन हवा खायची! ह्याच्या वाट्याला नुसता इंजिनाचा धूर. बरं, पास मिळत नव्हता असं नाही. रेल्वे दरवर्षी पास द्यायची. पण एका वर्षी मेहुणीचं लग्न निघायचं, दुसऱ्या वर्षी सासरे अत्यवस्थ व्हायचे, आणि तिसऱ्या वर्षी तेच सासरे खडखडीत बरे होऊन जेवायला बोलवायचे. सगळे पास सोलापूरच्या दिशेनं खर्ची पडले. आता येत्या मार्चला तो रिटायर होणार होता. नोकरीतला हा शेवटचा पास.

“ह्या खेपेला कुणी मेलं तरी मी समुद्रालाच जाणार,” तो म्हणाला. “मयताला पत्र पाठवीन.”

जागा एलियानं शोधली होती. एलिया शिंपी, नथानिएलचा शाळेपासूनचा मित्र. त्याच्या चुलतभावाची कोकण किनाऱ्याजवळच्या एका बारक्या बेटावर, दीपगृहात नेमणूक झाली होती. राहायला सरकारी खोली फुकट, नारळ फुकट, मासे फुकट! भावानं साहेबाला अर्ज करून तीन पाहुण्यांची परवानगीही काढली होती. तीन म्हणजे तीनच, चौथं माणूस होडीतूनच परत, असं त्यानं पत्रात दोनदा लिहिलं होतं.

तिसरा मांडवगण फराट्याचा पोपटराव. गुळाच्या ढेपा मालधक्क्यावर आणता आणता ह्याची नथानिएलशी दोस्ती झालेली.

“पीठ, गूळ आन् शेंगदाण्याची चटणी माझ्याकडं लागली,” पोपटराव म्हणाला. “पर मला पान्यात उतरा म्हनू नगा. आमाला भीमाबी गुडघ्यापस्तोरच ठावं हाय.”

राहता राहिला बायकोचा प्रश्न.

“अहो, पासावर माझं पण नाव असतं ना?” ग्लॅडिसबाईंनी तांदूळ निवडता निवडता विचारलं.

“असतं गं. पण बेटावर बायकांना मनाई आहे. सरकारी नियम! दिवा बिघडतो म्हणे.”

“बायकांनी?”

“आता सरकारशी कोण वाद घालणार?”

ग्लॅडिसबाईंनी एक खडा काढून बाजूला टाकला आणि विषय संपला. नथानिएलला आपल्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं की त्या दिवशी त्यानं स्वतःहून पाणी भरलं.

घोटाळा केला एलियानं. ह्या माणसाला होडीची भीती! बरं, भीती वाटते तर घरी प्रार्थना कर. पण नाही! रविवारी चर्चमधल्या उपासनेत पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, “कुणाच्या प्रार्थनेच्या विनंत्या?” कुणी गुडघेदुखी सांगितली, कुणी मुलाची मॅट्रिक सांगितली, आणि एलिया उठून उभा राहिला.

“मी आणि नथानिएल समुद्रातल्या एका बेटावर निघालो आहोत. प्रभूनं आम्हांला सांभाळावं.”

अख्खं देऊळ वळून त्याच्याकडं बघायला लागलं. कारण आदल्याच रविवारी एक पाहुणे प्रचारक येऊन गेले होते. त्यांनी भिंतीवर चित्रं दाखवून कळवळून विचारलं होतं, “ज्या बेटांवर प्रभूची सुवार्ता पोचलेली नाही, तिथं तुमच्यातून कोण जाईल?” अख्ख्या मंडळीनं खाली माना घातल्या होत्या. आठवडाभर सगळ्यांना त्याची टोचणी लागून राहिली होती. नथानिएल त्या दिवशी ड्यूटीवर होता, आणि एलिया हजर होता तो झोपलेला!

“हालेलूया!” प्रेमाबाई ओरडल्या. प्रेमाबाई म्हणजे मंडळीतल्या सगळ्यांत वडील बाई. त्या रडल्या म्हणजे मागच्या चार बाकांनी रडायचं, असा रिवाज होता. त्या रडल्या. चार बाकं रडली. पाळकसाहेब खाली उतरले आणि त्यांनी नथानिएलचा हात दोन्ही हातांत धरला.

नथानिएलनं तोंड उघडलं. “साहेब, आम्ही नुसतं…” एवढं तो बोललाही. पण तीस वर्षं शेवटच्या बाकावर बसलेला माणूस तो! विडी ओढतो म्हणून त्याला कधी दानाची थैलीसुद्धा फिरवायला दिली नव्हती. आणि आज पाळकसाहेब त्याला म्हणत होते, “नथानिएलभाऊ, आम्ही तुम्हांला ओळखलं नाही!”

त्यानं तोंड मिटलं. इथंच मेला तो.

पुढचे पंधरा दिवस तो तरंगत होता. लोक रस्त्यात थांबून हात जोडत. दोन घरांतून कोंबडीचं कालवण आलं. बायकांच्या सभेनं बेटावरच्या उघड्या लेकरांसाठी लोकरीचे स्वेटर विणायला घेतले. चाळीस स्वेटर! तिथं उकाड्यानं अंगावर सदरा ठरत नाही, हे सांगायचं कुणी?

“अरे, खरं सांगून टाकू,” एलिया म्हणाला.

“स्वेटर झाल्यावर सांगू,” नथानिएल म्हणाला. “आत्ता बायकांचं मन मोडायला नको.”

इकडं ही बातमी भीमा ओलांडून मांडवगणला पोचली. तिसऱ्या दिवशी पोपटरावाची मंडळी मुक्ताबाई बैलगाडीनं थेट क्वार्टरच्या दारात! मागं पोपटराव, मान खाली घालून.

“व्हय वो नथूभाऊ, माज्या मालकाला बेटावर नेऊन पान्यात बुडवून किरिस्ताव करनार म्हनं तुमी?”

“कोण म्हणतं, वहिनी?”

“सारं गाव म्हनतंय! आन् म्होरल्या म्हयन्यात सोसायटीची इलेक्शन हाय! कोन देईल मत?”

“पोपटराव, तू तरी सांग!”

“म्या काय सांगू?” पोपटराव पुटपुटला. “तुमी सोता देवळात हां म्हनलाय. आता सहल हाय म्हनलं तर माजं गाव ऐकत न्हाई, आन् तुमचं देऊळ ऐकत न्हाई.”

पीठ, गूळ आणि चटणी गाडीतच होती. ती गाडीतच परत गेली.

एक जागा मोकळी झाली, तिथं देवळाच्या पंचांनी तरुण प्रचारक विल्यमला बसवलं. नथानिएलनं मान डोलावली. समुद्र तर दिसणार होता! विल्यम उपदेश करील, आपण वाळूत पाय पसरू, असा त्यानं मनाशी हिशेब केला.

निघायच्या आदल्या रविवारी प्रेमाबाई पुन्हा उठल्या.

“बेटावरच्या बायकांमध्ये काम कोण करणार? एक तरी बहीण बरोबर पाहिजे.”

“बेटावर बायकांना मनाई आहे!” नथानिएल बाकावरून जवळजवळ उडालाच. “सरकारी नियम आहे!”

“कुणी सांगितलं?” एलिया म्हणाला. हा एलिया! तीस वर्षांत एकदा वेळेवर जागा राहिला तो आजच! “माझी भावजय आणि तिच्या तिन्ही पोरी तिथंच राहतात की.”

सगळं देऊळ हसलं. ग्लॅडिसबाई हसल्या नाहीत. त्यांनी मान वळवून नवऱ्याकडं पाहिलं, आणि तीस वर्षांच्या संसारात नथानिएलला बायकोची अशी भीती कधी वाटली नव्हती.

“मी जाईन,” त्या शांतपणे म्हणाल्या. “पासावर माझं नाव आहे.”

“पण परवानगी तिघांचीच,” पाळकसाहेब म्हणाले. “एलियाभाऊंचे तर तिथं नातलग. विल्यमशिवाय वचन कोण सांगणार? मग…”

साठ माणसांनी नथानिएलकडं पाहिलं, आणि ते सुद्धा कसं? प्रेमानं! त्याला ओरडून सांगावंसं वाटलं, अरे, पास माझा आहे! मला कुणालाही तारायचं नाही, मला फक्त समुद्र बघायचा आहे! पण पंधरा दिवस ज्यानं लोकांची कोंबडी खाल्ली, तो हे कुठल्या तोंडानं बोलणार?

“जाऊ द्या तिला,” तो म्हणाला. “मी घर सांभाळीन.”

“केवढा त्याग!” प्रेमाबाई म्हणाल्या, आणि चार बाकं रडली.

गाडी सुटली तेव्हा तो यार्डातच ड्यूटीवर होता. आपल्याच हातानं त्यानं रूळ बदलून दिले. फलाटावर गीत चाललं होतं. चाळीस स्वेटरांचं गाठोडं पाठीशी घेऊन ग्लॅडिसबाई खिडकीत बसल्या होत्या. त्यांनी हात हलवला. ह्यानं हातातली झेंडी हलवली, कारण नोकरी होती.

दहा दिवसांनी तिघं परत आली. ग्लॅडिसबाई उन्हानं काळवंडल्या होत्या आणि चेहरा लख्ख उजळला होता.

“कसा असतो गं?” त्यानं दारातच विचारलं.

“काय?”

“समुद्र! दुसरं काय!”

“रविवारी देवळात अनुभवाची साक्ष द्यायची आहे,” त्या म्हणाल्या. “मंडळीच्या आधी घरात सांगून शिळी करायची नाही.”

चार दिवस तो घरात मांजरासारखा बायकोच्या मागं मागं फिरला. एक शब्द मिळाला नाही.

रविवारी त्यांनी साक्ष दिली. बेटावर एकूण सात माणसं. पाच एलियाच्या भावाच्या घरची, आधीपासून दोन वेळा प्रार्थना करणारी. उरले दिव्याचे दोन मदतनीस, त्यांना ह्या घरची सगळी गीतं ऐकून ऐकून पाठ झालेली. म्हणजे तिघांनाही काम असं काही नव्हतंच.

“तुम्हांला हे ठाऊक होतं?” पाळकसाहेबांनी एलियाला विचारलं.

“मला कुणी विचारलंच नाही,” एलिया म्हणाला.

“मग रोज काय केलंत?” प्रेमाबाईंनी विचारलं.

“समुद्र बघितला,” ग्लॅडिसबाई म्हणाल्या. “सकाळी निळा, दुपारी हिरवा. पाण्यात उभं राहिलं की पायाखालची वाळू सरकते, आणि आपण पडतो असं वाटतं, पण पडत नाही. मी रोज उभी राहायची. स्वेटर वाळूवर अंथरले, बसायला फार मऊ झाले.”

मंडळी डोळे मोठे करून ऐकत होती, आणि नथानिएल शेवटच्या बाकावरून तिच्या चेहऱ्यावरून नजर न काढता ऐकत होता. आपण हिच्याशी खोटं बोललो नसतो, तर दोघं जोडीनं त्या पाण्यात उभे असतो. पासावर दोन्ही नावं होती. हे त्याला तेव्हा कळलं, आणि कळून आता उपयोग नव्हता.

“ज्यांच्या त्यागामुळं हे घडलं,” पाळकसाहेब म्हणाले, “त्या नथानिएलभाऊंनीच आता उपकारस्तुतीची प्रार्थना करावी.”

तो उठला. “हे प्रभू, तू समुद्र केलास,” तो म्हणाला. “तू केलास, आणि तो हिला दाखवलास…” त्याला स्वतःचा संताप आला होता आणि वाईट वाटत होतं, दोन्ही एकदमच, आणि भर देवळात पन्नाशी उलटलेला पॉइंट्समन हुंदके देऊन रडायला लागला. प्रेमाबाई रडल्या. चार बाकं रडली.

“आमेन!” सगळे म्हणाले. सगळ्यांत मोठा आवाज ग्लॅडिसबाईंचा होता.